मुद्देमालातील जळवा माझ्या पायास लावू देण्याबाबत

प्रति,
मा. जिल्हा पोलीस अधीक्षक साहेब,
बुलढाणा.

अर्जदार : भगवंतराव गोविंदराव म्हस्के, वय अठ्ठावन्न, धंदा भाजीपाल्याची बागायत, माजी सरपंच, मु. आमखेड तळे, ता. मेहकर, जि. बुलढाणा.

विषय : आमखेड ठाण्यात जप्त असलेल्या जळवा, त्यांच्या पोटातील माझ्या रक्तासह, माझ्या डाव्या पायाकरिता मिळणेबाबत.

संदर्भ : १) माझीच फिर्याद, दिनांक १७ जानेवारी १९६६.
२) सदर फिर्याद मागे घेण्याबाबत माझेच अर्ज, ज्यांस उत्तर नाही.
३) ठाण्यात मला समक्ष मिळालेली तोंडी उत्तरे, जी मिळाली नसती तर बरे झाले असते.

महोदय,

सविनय सादर करतो की, मी सरकारदरबारी उगीच अर्ज करीत सुटणारा माणूस नाही. सरपंच असताना मी गावकऱ्यांचे पुष्कळ अर्ज वर पाठविले, त्यामुळे वर गेलेला अर्ज कुठपर्यंत वाचला जातो याची मला पूर्ण कल्पना आहे. म्हणून मुख्य मागणी आधीच लिहून टाकतो. आमखेड ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत फळीवर एक काचेची बरणी आहे. बरणीत जळवा आहेत. त्या जळवा माझ्या पायाला लागल्या नाहीत तर माझा पाय जाईल. बाकी हकिकत पुढीलप्रमाणे असून साहेबांनी सवडीने वाचावी, मात्र फार सवडीने वाचू नये, कारण पाय थांबणारा नाही.

१. माझ्या डाव्या पायाची शीर गुडघ्याखाली फुगून मोटेच्या नाड्याएवढी झालेली आहे. घोट्याच्या वर एक जखम आहे, ती आज भरते, उद्या उघडते. पायात रक्त साचून राहते, वर चढत नाही, असे मला सर्वांनी सांगितले. ज्यांना स्वतःच्या पायाचे काही कळत नाही अशांनीही सांगितले. गावच्या तळ्याकाठी अंबूबाई नावाची बाई राहते. ती जळवा पाळते व दुखऱ्या अंगाला लावते. तिची आईही हेच करीत असे. माझी पत्नी सोजराबाई हिने वर्षभर टुमणे लावले की अंबूबाईला बोलवा. मी पूर्वी गावात आरोग्य सप्ताह भरविलेला माणूस, जळवा लावून घेणे मला शोभणारे नव्हते. पण पाय मानेना. अखेर मागच्या संक्रांतीनंतर, लोक मळ्यात गेलेले पाहून, मी अंबूबाईस मागच्या दाराने बोलाविले.

२. तिने जळवा लावल्या. त्या प्यायल्या, फुगल्या, आपोआप गळून पडल्या. तिने त्या मडक्यात टाकल्या व घरी गेली. इथपर्यंत कोणाचीही तक्रार नव्हती. परंतु महोदय, जळू सुटल्यावरही रक्त थांबले नाही. फडके बांधले, ते भिजले. दुसरे बांधले, तेही भिजले. अंबूबाईने जाताना सांगितले होते म्हणे की हे असेच दिवसभर पाझरते, घाबरू नका. ते तिने सोजराबाईला सांगितले होते, मला नाही. रक्त माझे होते, सांगायचे मला होते. एवढ्यात दुपारी आमचे नवे व्याही, म्हणजे धाकट्या लेकीच्या सासरची मंडळी, न कळवता दारात हजर. मी नव्या गादीवर, पांढऱ्या धोतरात, रक्ताच्या थारोळ्यात बसलेलो. व्याह्यांनी चहासुद्धा घेतला नाही. "पाटलांची तब्येत पाहून येऊ पुन्हा" असे म्हणून ते उठले व बैलगाडी वळवून चालते झाले. ही गोष्ट मला फार लागली. अंबूबाईस बोलावणे पाठविले तर तिने माणसाजवळ निरोप दिला, "वाहू द्या म्हना पाटलाले. ते वाह्यलंच पाह्यजे." आणि हसली, असे त्या माणसाने सांगितले. तो माणूस तिच्या हसण्याचे न सांगता तर ही फिर्याद झालीच नसती, असे माझे आजही मत आहे.

३. मी त्याच अवस्थेत गाडी जुंपून ठाण्यावर गेलो. ठाण्यात नुकतेच नेमणुकीवर आलेले तरुण फौजदार साहेब होते. ते वरच्या शिक्षणाचे, हुशार व अत्यंत प्रामाणिक आहेत. माझ्या सर्व हालांचे मूळ हेच आहे असे मी नम्रपणे नमूद करतो. एखादा जुना जमादार असता तर त्याने मला पाणी पाजून घरी पाठविले असते. फौजदार साहेबांनी माझी फिर्याद शब्दन् शब्द लिहून घेतली. मी रागात असे म्हणालो की, "घाण रक्त काढायला मी हो म्हटलं होतं. हे चांगलं रक्त कोणाच्या परवानगीनं चाललं आहे? ही चोरी नाही तर काय?" साहेब थांबले, कायद्याचे पुस्तक काढून वाचले आणि म्हणाले की, मालकाच्या संमतीवाचून नेलेली जंगम वस्तू म्हणजे चोरी, आणि रक्त तर वाहते, त्याअर्थी ते जंगमच आहे. मी मान हलविली. मान हलविण्यापूर्वी मी विचार करावयास पाहिजे होता, असे सोजराबाईचे म्हणणे आहे.

४. फौजदार साहेब तडक अंबूबाईच्या झोपडीवर गेले. त्या वेळी ती पाट्यावर हळद वाटीत होती. आपण बुलढाण्यास असता, म्हणून एवढे सांगतो की जळू प्यायल्यावर तिच्या तोंडाला हळद लावतात. त्यासरशी ती प्यायलेले रक्त ओकून टाकते आणि पुन्हा भुकेली होते. न ओकविल्यास ती कित्येक महिने तशीच फुगून पडून राहते, दुसऱ्या कोणाला लागत नाही. अंबूबाईचे रोजचे काम ते हेच. परंतु साहेबांनी एका हातात हळद व दुसऱ्या हातात जळू पाहून पंचनाम्यात असे लिहिले की, आरोपी ही चोरीचा माल नष्ट करण्याच्या तयारीत असताना मिळून आली. जळवा जप्त झाल्या. वाटलेली हळदही जप्त झाली. मागाहून माझे धोतर व नवी गादीही जप्त झाली. अंबूबाईला जामीन मिळाला, गादीला अद्याप मिळालेला नाही.

५. आता खरी अडचण सांगतो. तिसऱ्या दिवशी माझा पाय हलका झाला. महिन्याभरात जखम सुकून तिच्यावर खपली धरली. मी काठीवाचून मळ्यात गेलो, वांग्याच्या वाफ्यातून फेरी मारली, आणि कित्येक वर्षांनी पायात जडपणा नसलेला माणूस कसा चालतो हे मला कळले. त्या वेळी मी अंबूबाईच्या झोपडीवरून गेलोही होतो. ती दारात बसली होती. मी तिच्याकडे पाहिले नाही. फिर्याद दिलेल्या माणसाने आरोपीकडे पाहणे बरे दिसत नाही असे मला वाटले.

६. फाल्गुनापासून पाय पुन्हा भरू लागला. आता तो पूर्वीपेक्षा काळा आहे. जखम उघडली असून तिला वास येतो. नातवंडे जवळ येत नाहीत, आली तर आईचा पदर नाकाला लावून येतात, मुलगेसुद्धा. मी बुलढाण्यास मोटारीने येऊन मोठ्या डॉक्टरांना पाय दाखविला. डॉक्टरांनी पाय कापावा लागेल असे म्हटले नाही. त्यांनी पायाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि घरी मुले किती मोठी आहेत असे विचारले. महोदय, मला हा प्रश्न अजिबात आवडला नाही. तेव्हापासून मला जेवण जात नाही. मला भीती वाटते. हे मी अर्जात लिहू नये असे अर्ज लिहून देणाऱ्या मास्तरांनी सांगितले, पण मी मास्तरांना हेच लिहा असे सांगितले आहे. मला माझा पाय पाहिजे.

७. इतर जळवा का मिळविल्या नाहीत, असा प्रश्न साहेबांना पडेल. गेल्या साली पाऊस नाही. गावचे तळे आटून त्याच्या तळाशी पोरे विटीदांडू खेळतात. अंबूबाईची माती व मडकी कोरडी आहेत, तिच्या जगल्या तेवढ्या जळवा आज सरकारजमा आहेत. मी पैनगंगेच्या डोहापर्यंत माणूस पाठविला. त्याने आणलेल्या जळवा मी स्वतःच्या हाताने पायाला लावल्या. त्यांनी पायाचा वास घेतल्यासारखे केले व गादीखाली निघून गेल्या. सोजराबाईने त्या अंबूबाईस दाखविल्या, तर त्या म्हशीच्या कामाच्या आहेत, माणसाच्या नाहीत, असे कळले.

८. मी ठाण्यात जाऊन फिर्याद मागे घेतो असे म्हटले. फौजदार साहेबांनी मला बसावयास खुर्ची दिली व समजावून सांगितले की, फिर्याद आता माझी राहिलेली नाही, सरकार पक्षाची झाली आहे, न्यायालयापुढे तारखेस सांगा. तारीख आषाढात आहे. मी आषाढापर्यंत थांबेन, पाय थांबणार नाही, असे मी सांगितले. साहेबांना वाईट वाटले. ते खोटे बोलत नव्हते, त्यांना खरोखरच वाईट वाटले, पण तारीख पुढेमागे करणे त्यांच्या अखत्यारीत नव्हते.

९. तेव्हा मी कायद्याचाच मार्ग धरला. चोरीस गेलेला माल सापडल्यास तो खटला चालू असतानाही मूळ मालकास सुपूर्तनाम्यावर मिळतो. बैल मिळतो, सायकल मिळते. मी अर्ज केला की, माल माझा आहे, तो जळवांच्या पोटात आहे, तरी पोत्यासह ज्वारी द्यावी तशा जळवांसह माझे रक्त मला द्यावे. फौजदार साहेब हा अर्ज वाचून बराच वेळ खूश होते. मग म्हणाले, पोतेही तुमचेच असते तर दिले असते. येथे माल तुमचा व पोते आरोपीचे. तुम्ही आपला माल काढून घ्या. मी म्हणालो, काढण्यास हळद लागते. ते म्हणाले, हळद मुद्देमालात आहे, सीलबंद आहे. मी म्हणालो, माझ्या घरी हळद आहे, वायगावची आहे. ते म्हणाले, बाहेरची हळद वापरली तर पुराव्यात भेसळ होईल. मी पाय उचलून दुसऱ्या खुर्चीवर ठेवला, कारण तो लोंबत ठेवला की ठणकतो.

१०. जमादार महादेवराव हे मुद्देमालाचे काम पाहतात. ते भले गृहस्थ आहेत. त्यांनी मला बाजूस घेऊन सुचविले की, नाशवंत माल असेल, जसे दूध, भाजी, मासळी, तर तो तारखेपूर्वी मोकळा करता येतो. रक्त म्हणजे नाशवंतच. मी आनंदाने तसा अर्ज केला. फौजदार साहेबांनी तो सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांकडे अभिप्रायासाठी पाठविला. डॉक्टरांनी उत्तर दिले ते असे की, जळूच्या लाळेत एक द्रव्य असते, ते रक्त गोठविणाऱ्या घटकाचे काम बंद पाडते, सबब जळूच्या पोटातील रक्त गोठत नाही, नासत नाही, कित्येक महिने पातळ व ताजे राहते. हेच द्रव्य जखमेत राहिल्याने फिर्यादीचे रक्त दिवसभर पाझरले असावे, आणि साचलेले रक्त निघून गेल्याने त्यास आराम पडला असावा. म्हणजे महोदय, ज्या गुणाने माझा पाय बरा झाला, त्याच गुणाने माझा माल नाशवंत नाही असे ठरले. डॉक्टरांचे पत्र अतिशय स्पष्ट अक्षरात आहे. त्यांनी एकदा तरी खाडाखोड करावयास पाहिजे होती.

११. त्यानंतर ओळख पटविण्याचा कार्यक्रम झाला. बरणीतील माल फिर्यादीचाच आहे हे फिर्यादीने ओळखून दिले पाहिजे असे निघाले. पंचांसमोर बरणी टेबलावर ठेवली. मला विचारण्यात आले की, यातील आपले रक्त ओळखता का? मी प्रामाणिकपणे सांगितले की रक्त दिसत नाही, पण ती जी तळाशी आडवी पडली आहे ती माझ्या घोट्यावर होती, तिची पाठ मला माहीत आहे. पंचांनी सह्या केल्या. बरणी टेबलावर असेपर्यंत माझा पाय तिच्यापासून हातभर अंतरावर होता. मी फक्त धोतर वर केले असते तर न प्यायलेली एखादी तरी लागली असती. मी तसे केले नाही, कारण मी कायदा मानणारा माणूस आहे. महादेवराव जमादार माझ्या धोतराचा सोगा धरून बसले होते हेही एक कारण आहे.

१२. मध्यंतरी शिपाई सहदेव हे बरणीतील पाणी बदलीत असता एका जळवेने त्यांचे बोट धरले. ती सर्वांत बारीक होती, तिला माझ्या पायावर जागा मिळाली नव्हती. ती पोटभर प्यायली. सहदेव यांचे बोट संध्याकाळपर्यंत पाझरले व ठाण्याच्या रोजनाम्याची पाने लाल झाली. फौजदार साहेबांनी ही जळू वेगळ्या बाटलीत ठेवली असून तिच्यावर "शासकीय" अशी चिठ्ठी लावली आहे. आता तिच्याबाबत वेगळा गुन्हा नोंदवावा की याच गुन्ह्यात ती साक्षीदार म्हणून घ्यावी, याबद्दल विचार चालू आहे. सहदेव यांना खांद्यात एक जुनी कळ होती, ती त्या दिवसापासून गेली. ते आता रोज बरणीचे पाणी मीच बदलतो म्हणून आग्रह धरतात. सरकारी नोकराला जळू लागते आणि फिर्यादीला लागत नाही, हा न्याय मला समजला नाही.

१३. गेल्या पंधरवड्यात बरणीच्या कडेच्या मातीत कोष दिसले आणि त्यातून बारीक पिल्ले निघाली. मला पुन्हा आशा वाटली. पिल्ले जप्त केलेली नाहीत, पंचनाम्यात त्यांचा उल्लेख नाही, त्यांचे आईबाप अटकेत आहेत म्हणून ती अटकेत ठरत नाहीत. शिवाय आमच्याकडे गाय किंवा शेळी दुसऱ्याकडे बटईने सांभाळायला दिली तर पिलांत अर्धा वाटा धरतात. येथे जनावर अंबूबाईचे व वैरण माझी. निम्मी पिल्ले माझ्या हिश्श्याला येतात. फौजदार साहेबांनी बटईची पद्धत नीट लिहून घेतली, त्यांच्या गावाकडे ती नाही. मग ते म्हणाले की, अशा वाटणीस सहमालकाची संमती लागेल. सहमालक म्हणजे आरोपी अंबूबाई.

१४. येथे हा अर्ज मूळ मुद्द्यावर येतो. मी अंबूबाईकडे गेलो. पायाने जाता आले नाही, गाडीत गेलो. ती ओट्यावर येऊन उभी राहिली, मला या म्हणाली नाही. मी सांगितले की निम्मी पिल्ले मला देण्यास संमती दे, ती मोठी होईपर्यंत थांबणे शक्य नाही, पण दोन-चार लाव. ती म्हणाली, "पाटील, माह्यावर चोरीचा आळ हाय. आळ हाय तवरिक मी कोनाच्या आंगाले हात लावत नाही." मी म्हटले, आषाढात तो जाईल. ती म्हणाली, आषाढापर्यंत ती काय खाईल? पूर्वी ती लोकांच्या थेट चुलीपर्यंत जात असे. बाळंतिणीच्या स्तनात दुधाच्या गाठी झाल्या तर तिला बोलावणे येई, तेथे पुरुषमाणूस जाऊ शकत नाही. आता बाया तिला अंगणात उभी करून घरातील भांडी मोजतात. हे तिने रडून सांगितले नाही. उलट माझा पाय वर घ्यायला लावला, लांबूनच पाहिला, आणि जखमेला कडुनिंबाच्या पाण्याने धुवायला सांगितले. हात मात्र लावला नाही.

१५. मी घरी येऊन ही हकिकत सांगितली. सोजराबाई म्हणाली, "सोताचा पाय, सोताचं रगत, अन् फिर्याद बी सोताचीच. मंग आता रडता काऊन?" मी रडत नव्हतो. माझ्या डोळ्यांना उन्हाचा त्रास होतो.

१६. सर्व बाजूंनी विचार करता मला कायद्यात एकच वाट उरलेली दिसते व ती मी आपणापुढे मांडतो. फौजदार साहेबांनीच मला सांगितले आहे की, पोलिसांकडे खोटी फिर्याद देणे हा गुन्हा आहे. सबब मी येथे लिहून देतो की, माझी फिर्याद खोटी होती. अंबूबाईने माझे काहीही चोरले नाही. मी तिला बोलाविले, मी पाय पुढे केला, तिने आपले काम केले. मला राग व्याह्यांचा आला होता, तो मी तिच्यावर काढला. हे वाक्य मास्तरांनी सुचविलेले नाही.

१७. सबब मला खोट्या फिर्यादीच्या गुन्ह्याखाली ताबडतोब अटक व्हावी. मला जामीन नको, कोणी देऊ केल्यास माझी हरकत नोंदवावी. मला आमखेड ठाण्याच्याच कोठडीत ठेवावे, कारण त्या कोठडीची भिंत मुद्देमाल खोलीस लागून आहे. कोठडीतील माणसाच्या औषधपाण्याची जबाबदारी सरकारवर असते. मी कोठडीतून तशी मागणी करीन. मग सरकारने सरकारच्याच ताब्यातील जळवा सरकारच्याच ताब्यातील पायास लावाव्यात, यात कोणाचा माल कोणाकडे गेला असे होत नाही. सर्व एकाच छताखाली राहते. माझे रक्त जळवांतून मजकडे न आले तरी मजमधून जळवांकडे जाईल, त्यास माझी या अर्जाने पूर्ण संमती आहे. चांगल्या रक्तासही आहे. आधी जळवांना हळद लावावी लागेल, त्याबाबत साहेबांनी हळदीचे सील उघडण्याचा वेगळा हुकूम द्यावा.

१८. जळवा लावण्याचे काम अंबूबाईनेच करावे. महादेवराव जमादारांनी स्वतः लावतो असे म्हटले आहे, पण त्यांचा हात जड आहे. अंबूबाईवरील गुन्हा आधी निघाल्यावाचून ती येणार नाही, म्हणून आपण प्रथम तिला मोकळी करावे व नंतर मला धरावे. क्रम उलटा झाल्यास मी कोठडीत व पाय जसाच्या तसा असे होईल.

१९. हे शक्य नसल्यास दुसरी विनंती अशी की, ज्या मालाचा काही भाग चोरीस गेला, त्याच मालाचा उरलेला साठा नमुन्यासाठी जप्त करतात असे मी ऐकले आहे. माझ्या अंगात उरलेले रक्त हा तो साठा आहे. तरी मलाच मुद्देमाल म्हणून जप्त करून त्याच फळीखाली ठेवावे. माझे जेवण घरून येईल.

आपल्या उत्तराची वाट मी पाय उशीवर ठेवून पाहत आहे. हुकूम टपालाने न पाठविता येणाऱ्या मोटारीच्या ड्रायव्हरजवळ द्यावा, तो आमच्या फाट्यावर थांबतो.

आपला नम्र,
उभे राहता येत नसल्याने बसून सही करणारा,

भगवंतराव गोविंदराव म्हस्के

आमखेड तळे, दिनांक २१ एप्रिल १९६६.

सोबत :
अ) सरकारी डॉक्टरांच्या अभिप्रायाची नक्कल.
आ) बटईच्या पद्धतीबद्दल गावच्या पंचांचा दाखला.
इ) पायाचा फोटो काढला होता, तो फोटोवाल्याने दिला नाही, गिऱ्हाईक बिचकेल म्हणाला. सबब पाय समक्ष पाहावा.

ता. क. : अर्ज पाकिटात घालण्यापूर्वी अंबूबाईला तिच्या ओट्यावर बसून संपूर्ण वाचून दाखविला. वाचेपर्यंत चूल विझली, तिने ती पुन्हा पेटविली. सोळाव्या कलमाशी तिने हात वर करून मास्तरांना थांबविले व ते पुन्हा वाचावयास सांगितले. मास्तरांनी पुन्हा वाचले. मग मला म्हणाली, "इतकं लंबं कायले लिहिलं, पाटील? तेवढंच लिहाचं होतं."

तरी साहेबांना सवड नसल्यास सोळावे कलम तेवढे वाचावे. पायाचे मग पाहता येईल.